झोपतानाची गोष्ट : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मुलांच्या झोपेच्या वेळांविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक पत्रांत झोपेपेक्षा झोपतानाच्या गोष्टीविषयीच अधिक विचारणा होती. तीही पुस्तकातून वाचून दाखवायच्या गोष्टीविषयी नव्हे, तर घरच्या माणसाने अंथरुणावर बसून तिथल्या तिथे रचायच्या गोष्टीविषयी. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. पुस्तक उघडले की तो ते मिटवतो आणि “तोंडाने सांग” म्हणतो. चिऊ-काऊ, म्हातारी आणि भोपळा, उंदराची टोपी हे सगळे सांगून झाले. नोकरीवरून घरी येऊन स्वयंपाक आवरल्यावर मला नवे काही सुचतच नाही. बाकी दिवसभर त्याला फक्त घंटागाडीचे वेड. सकाळी ती आली की हातातले दूध टाकून खिडकीत धावतो. मला कल्पनाशक्तीच नाही, असे वाटू लागले आहे. रोज नवी गोष्ट रचावी तरी कशी? — एक आई, सांगली

ताई, ज्या तीन गोष्टी सांगून संपल्या असे तुम्ही म्हणता, त्या तिन्ही एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा. म्हातारीला लेकीकडे जाऊन परत घरी पोहोचायचे आहे, काऊला पावसात आसरा हवा आहे, उंदराला सापडलेल्या कापडाची टोपी शिवून हवी आहे. कोणाला तरी काहीतरी हवे आहे आणि ते सहजासहजी मिळत नाही. वाटेत एकामागून एक कोणी तरी भेटते, प्रत्येकाशी जवळजवळ तेच बोलणे होते, आणि अखेर हवे ते मिळून गोष्ट संपते. पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी चालत आलेल्या गोष्टींची बांधणी अशी साधी आहे, कारण सांगणारी माणसे तुमच्यासारखीच दिवसभराच्या कामाने दमलेली असत आणि त्यांना पाठांतराशिवाय गोष्ट पुढे नेता आली पाहिजे, अशी ती सोय होती. त्यामुळे रात्री “आज काय सांगू?” असा प्रश्न स्वतःला विचारू नका, कारण त्याला उत्तर सापडत नाही. “कोणाला काय हवे आहे?” एवढेच ठरवा, आणि ते मुलाच्या त्या दिवसातून उचला.

तुमच्या घरात तर गोष्ट रोज सकाळी दारापर्यंत येते आहे. समजा, आटपाट नगरात एक घंटागाडी होती. एके दिवशी तिचे चाक खड्ड्यात आपटले आणि तिची घंटा कुठेतरी पडून गेली. आता गाडी आल्याचे कोणाला कळेना, घरोघरचे डबे भरून वाहू लागले. गाडी घंटा शोधायला निघाली. देवळापाशी थांबली आणि म्हणाली, “घंटे घंटे, येतेस का? गाडीवर माझ्या बसतेस का?” देवळातली घंटा म्हणाली, “मी आले तर आरतीला कोण वाजेल?” गाडी शाळेपाशी गेली आणि पुन्हा तेच म्हणाली. शाळेची घंटा म्हणाली, “मी आले तर सुट्टी झाली हे मुलांना कोण सांगेल?” मग माळावर गाय भेटली. तिच्या गळ्यातली घंटा म्हणाली, “मी आले तर गाय कुठे चरते आहे हे गुराख्याला कसे कळेल?” फिरता फिरता रात्र झाली आणि समोरून कुल्फीवाला आला. त्याच्या हातगाडीवरची छोटी घंटा म्हणाली, “मला काम रात्रीचे, सकाळी मी रिकामीच असते. सकाळपुरती मला ने आणि संध्याकाळी परत आणून सोड.” ठरले. उद्या सकाळी घंटागाडी येईल तेव्हा ती घंटा कोणाची, हे फक्त तुमच्या मुलाला ठाऊक असेल.

या गोष्टीत कोणीही दुष्ट नाही, तरी ती अडते. प्रत्येक घंटा नाही म्हणते ती तिला तिचे काम आहे म्हणून. शेवटही जादूच्या कांडीने झालेला नाही, कुल्फीवाला रात्री येतो ही मुलाला माहीत असलेलीच गोष्ट तेथे कामाला आली आहे. लहान मुलाला असा शेवट फार आवडतो, कारण तो त्यालाही सुचू शकला असता. ते दोन ओळींचे पालुपद मात्र एकदा ठरले की शब्दही बदलू नका. दुसऱ्यांदा ऐकताना मूल ते ओठांतल्या ओठांत म्हणू लागते आणि तिसऱ्यांदा तुमच्या आधी म्हणते, आणि तेवढ्या वेळात तुम्हाला पुढचे सुचायला उसंत मिळते.

दुसऱ्या दिवशी नवीन सांगाडा शोधण्याची गरज नाही. घंटेच्या जागी कुकरची हरवलेली शिट्टी घ्या, किंवा आपण कुठल्या गावाला निघालो हेच विसरलेली आणि पाटी शोधत फिरणारी एसटी घ्या. साडेतीन वर्षांच्या मुलाला मुख्य पात्र एक आणि वाटेत भेटणारे तीन-चार एवढे पुरे होतात. पात्रांना नावे देऊ नयेत, कारण नावे तुम्ही विसरता आणि मूल विसरत नाही. मध्येच अडलात तर “मग ती कोणाकडे गेली असेल?” असे मुलालाच विचारावे आणि तो जे म्हणेल ते निमूट घ्यावे, मग तो गाडीला समुद्रात का पाठवेना.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा शहरातली महागडी साधने आणण्याऐवजी शंख-शिंपले, पाने, बिया, खडे असे मुलांच्या अंगणात सापडणारे साहित्य हाताशी घेतले. गोष्टीलाही हाच न्याय लावावा असे मला मनापासून वाटते. राजा आणि राजवाडा मुलाला ऐकून माहीत असतात; घंटागाडी, पाण्याचा टँकर, जिन्यातले मांजर आणि शेजारच्या काकांची स्कूटर त्याने पाहिलेली असतात. तुम्हाला कल्पनाशक्ती नाही असे तुम्ही लिहिता, आणि त्याच पत्रात हातातले दूध टाकून खिडकीत धावणारे मूल इतके नेमके टिपता. गोष्ट रचण्यासाठी लागते ते एवढेच.

माझ्या मुलाला कित्येक आठवडे एकच गोष्ट हवी आहे : मीच रचलेली, लाल स्वेटर घातलेल्या कासवाची. मला तिचा कंटाळा आला आहे आणि थोडा बदल केला तर तो रागावतो. याने त्याची वाढ खुंटणार तर नाही ना? — एक बाबा, चिंचवड

मुळीच नाही. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात तीन वर्षांच्या मुलांसोबत झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना त्याच त्या मोजक्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या आणि काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे तितक्याच वेळा येत होते. त्याच गोष्टी पुन्हा ऐकणाऱ्या मुलांनी ते शब्द अधिक चांगले लक्षात ठेवले. पुढे काय होणार हे ठाऊक असले की मुलाचे लक्ष “काय झाले” यावरून सुटून “कसे सांगितले” याकडे जाते. शिवाय दिवसभरात लहान मुलाच्या हाती फारसे काही नसते. काय खायचे, केव्हा निघायचे, काय घालायचे हे सगळे मोठी माणसे ठरवतात. रात्रीची ही एक जागा अशी आहे की जेथे त्याने अपेक्षिल्याप्रमाणे सारे घडते. तो रागावतो तो त्यासाठी.

तुमच्या कंटाळ्यावर उपाय करायचा तर गोष्टीला धक्का न लावता तिच्या शेजारी दुसरी उभी करा. ती गोष्ट पूर्ण सांगून झाल्यावर “उद्या कासवाच्या भावाची सांगीन” असे म्हणून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी निवड मुलावर सोपवावी. बदल करायचाच असेल तर तो उघडपणे करावा, “आज स्वेटर निळा असला तर?” असे विचारून. गुपचूप केलेला बदल मुलाला चूक वाटते आणि चूक दुरुस्त करायला ते उठून बसते.

एक गोष्ट झाली की “आणखी एक”, ती झाली की “शेवटची एक”. साडेआठला सुरू झालेले हे प्रकरण दहा वाजेपर्यंत चालते आणि मुलगी झोपण्याऐवजी अधिकच ताजीतवानी होते. ती पाच वर्षांची आहे. — एक बाबा, डोंबिवली

येथे दोन वेगळ्या अडचणी एकत्र झाल्या आहेत. पहिली संख्येची. गोष्टी किती हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे, संपताना नाही, आणि संपल्याची खूण ठरलेली असली पाहिजे. श्रावणातल्या कहाण्यांना “ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण” हा जो शेवट असतो, तो आजही उत्तम काम करतो. मुलीला त्याचा अर्थ कळण्याची गरज नाही. तो उच्चारला की दार लागले, हे आठवडाभरात कळते. दात घासणे, पाणी पिणे, लघवीला जाऊन येणे हे सर्व गोष्टीच्या आधी उरकावे, नाहीतर गोष्ट संपल्यावर तीच कारणे नव्याने उभी राहतात.

दुसरी अडचण गोष्टीच्या घडणीची आहे. तुम्ही लिहिता की तुमच्या गोष्टीत शेवटी शर्यत किंवा लढाई असते आणि तुम्ही ती हावभावांसह करून दाखवता. ती दुपारी करावी, जरूर करावी; पण झोपतानाच्या गोष्टीत जे काही घडायचे ते पूर्वार्धात घडून गेले पाहिजे आणि शेवटच्या चौथ्या भागात नवे काहीही येता कामा नये. तेथे फक्त परतीची वाट असावी : येताना लागलेले तळे पुन्हा लागते, चिंच पुन्हा लागते, देऊळ पुन्हा लागते, आणि प्रत्येक ठिकाणी आवाज थोडा खाली येतो, वाक्यांमधली जागा थोडी वाढते. मुलीला हुंकार द्यायची सवय लावा. आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने “हूं” म्हणत राहायचे अशी जुनी रीत आहे, आणि ती सांगणाऱ्याला फार उपयोगी आहे, कारण हुंकार विरळ होऊ लागले की कुठवर आलो हे न पाहताही कळते.

धान्याच्या कोठाराला भोक पडते, एक चिमणी येते, एक दाणा घेऊन भुर्र उडून जाते, मग दुसरी चिमणी येते, ही गोष्ट तुम्हाला आठवत असेल. जागरणाच्या रात्रीसाठी तिच्यासारखी गोष्ट नाही. कापूसकोंड्याची गोष्ट मात्र अंथरुणावर कधीही सुरू करू नये. ती प्रवासात, जेवणानंतरच्या गमतीत शोभते. दमलेल्या मुलाला ती चिडवणूक वाटते आणि रात्र रडण्यावर जाते.

या वयाच्या मुलांना दुपारच्या झोपेसह दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते. दुपारी ती उशिरापर्यंत झोपत असेल किंवा गोष्टीच्या आधीच्या तासात मोबाइल पाहत असेल, तर गोष्टीची घडण कितीही सुधारली तरी फरक थोडाच पडेल.

माझ्या चार वर्षांच्या मुलीला वाघाची नाहीतर राक्षसाचीच गोष्ट हवी असते. झोपल्यावर तास-दीड तासाने ती कधी कधी किंचाळून उठते. डोळे उघडे असतात, पण आम्हाला ओळखत नाही, जवळ घेतले तर ढकलते. सकाळी तिला काहीच आठवत नाही. सासूबाई म्हणतात की हे गोष्टींमुळे होते. त्या बंद कराव्यात का? — एक आई, कुडाळ

आधी काळजीचे बोलू. झोप लागल्यावर पहिल्या एक-दोन तासांत, गाढ झोपेतून अर्धवट जाग येऊन मूल किंचाळते, ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, तेव्हा ते दुःस्वप्न नसते. दुःस्वप्न बहुधा पहाटेच्या बाजूला पडते. त्यातून मूल पूर्ण जागे होते, बिलगते आणि काय दिसले ते सांगूही शकते. तुम्ही वर्णन केलेल्या प्रकाराला बालरोगतज्ज्ञ रात्रीची दचक म्हणून ओळखतात. लहान मुलांत तो पुष्कळदा दिसतो आणि बहुतेकांचा वाढत्या वयाबरोबर जातो. अपुरी झोप, ताप, दगदग यांनी तो वाढतो. तिला हलवून उठवण्याचा प्रयत्न करू नका, ती पडणार नाही वा तिला काही लागणार नाही एवढे पाहा. थोड्या मिनिटांत ती आपोआप शांत होते. हे वरचेवर होत असेल, हातपाय एकसारखे झटकले जात असतील किंवा दिवसाही ती पेंगुळलेली राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. सासूबाईंनाही हे समजावून सांगा. त्यांची काळजी खरी आहे, कारण तेवढे दुसरे आहे.

आता वाघाविषयी. मुलांना भीतीची गोष्ट हवी असते, आणि ती त्यांना मिळावी असे माझे मत आहे. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट पाहा. वाघ वाटेवर टपून बसला आहे, भोपळा टुणुक टुणुक येतो आहे, आणि आत म्हातारी आहे हे वाघाला ठाऊक नाही. अंथरुणावर पडलेल्या चार वर्षांच्या मुलीला मात्र ठाऊक आहे. त्या क्षणी ती वाघापेक्षा शहाणी असते. भीतीच्या गोष्टीत मुलाला अशी एक तरी गोष्ट आधी माहीत असावी जी भीती घालणाऱ्याला माहीत नाही, ही अट पाळली तर राक्षस कितीही मोठा असला तरी चालतो.

राक्षस राहतो कुठे, याला मात्र महत्त्व आहे. तो डोंगरापलीकडे, सात नद्यांच्या पार राहावा. पलंगाखाली, माळ्यावर किंवा न्हाणीघरात कधीही राहू नये, कारण गोष्ट संपल्यावर मुलीला त्याच खोलीत अंधारात पडून राहायचे असते. आणि बागुलबुवाचा धाक हा गोष्टीत मोडत नाही. “झोपली नाहीस तर तो येईल” यात ना म्हातारी आहे, ना भोपळा, ना शेवट. त्यात नुसता वाघ आहे, आणि तो सुटलेला आहे. तो धाक घरात कोणी घालत असेल तर तेवढा प्रेमाने, पण ठामपणे थांबवा.

मी नातवाला रोज गोष्ट सांगते आणि शेवटी तात्पर्य सांगते. त्याने दिवसभरात हट्ट केला असेल तर रात्री हट्टी सशाची गोष्ट रचते. पण अलीकडे “एक ससा होता, तो फार हट्टी होता” एवढे म्हटले की तो भिंतीकडे तोंड फिरवतो. सून म्हणते, तात्पर्य सांगू नका. मग गोष्टीचा उपयोग काय? — एक आजी, लातूर

आजी, त्याने भिंतीकडे तोंड फिरवले, याचा अर्थ गोष्ट त्याला पहिल्याच वाक्यात कळली. तो ससा म्हणजे आपणच, आणि पुढे आपली फजिती होणार, हे त्याने ओळखले. दिवसा एकदा बोलणी खाल्लेल्या मुलाला रात्री सशाचे नाव घेऊन तीच बोलणी पुन्हा मिळाली, तर गोष्टीवरचा त्याचा विश्वास उडू लागतो. या बाबतीत मी तुमच्या सूनबाईंच्या बाजूने आहे.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी गोष्टीला मुलांच्या दिवसात मानाचे स्थान दिले, आणि गोष्टीचे पहिले प्रयोजन आनंद हेच त्यांनी मानले. आनंदाला येथे हलके समजू नये. गोष्ट आवडली तर मूल ती स्वतःशी पुन्हा सांगते, बाहुलीला सांगते, आंघोळ करताना पुटपुटते, आणि तुमच्या गोष्टीत जे चांगुलपण आहे ते त्याच वाटेने आत उतरते. म्हातारीने वाघाला फसवले आणि लेकीने आईला पोटभर खाऊ घातले, या दोन्ही गोष्टी कोणी तात्पर्य म्हणून न सांगताही आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत.

हट्टाविषयी बोलायचेच असेल तर दोन-चार दिवस जाऊ द्यावेत, आणि मग अशा सशाची गोष्ट सांगावी की ज्याला पाऊस पडत असताना बाहेर जायचेच होते आणि कोणी ऐकत नव्हते. त्याला किती राग आला, त्याने काय काय आपटले, मग तो कोणाच्या कुशीत जाऊन बसला, हे सारे सांगावे. ससा शेवटी हरू नये. गोष्टीनंतर नातू काही बोलला तर ऐकावे आणि नाही बोलला तर तसेच झोपू द्यावे.

आमचा पाच वर्षांचा नातू जर्मनीत असतो. त्याला मराठी समजते, पण तो उत्तर जर्मनमध्ये देतो. त्याला व्हिडिओ कॉलवर गोष्ट सांगायला जातो तर तो फोन घेऊन पळतो किंवा स्वतःचाच चेहरा पाहत बसतो. त्याच्या झोपेच्या वेळी इकडे आमची मध्यरात्र होते. काय करावे? — एक आजोबा, नाशिक

आजोबा, चित्र बंद करून टाका. झोपतानाच्या गोष्टीला आवाज पुरतो, आणि उजळलेला पडदा तर त्या वेळी नकोच. जर्मनीशी आपला फरक त्यांच्या उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा असतो, म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा येथे रात्रीचे अकरा किंवा बारा. रोज जागण्यापेक्षा आपल्या सोयीने दुपारी फोनवर गोष्ट ध्वनिमुद्रित करून पाठवावी आणि मुलाने किंवा सुनेने ती फोन पालथा ठेवून लावावी. यात मोठा फायदा असा की तीच गोष्ट तो हवी तितक्या वेळा ऐकू शकेल. चिंचवडच्या वाचकांना जे लिहिले ते येथे तर अधिकच लागू आहे.

गोष्ट पाच-सात मिनिटांची असावी आणि तिच्यात त्याचे आणि तुमचे, दोन्ही गावे यावीत. त्याने पाहिलेली ट्राम गोदावरीच्या काठी आली आणि रामकुंडापाशी रूळ शोधू लागली, तर तिला वाट कोण दाखवील? रूळ, काठ, पायरी, घाट हे शब्द त्याला माहीत नसतील. ते समजावून सांगण्यासाठी थांबू नका. ट्राम तीन वेळा पायऱ्यांपाशी अडली की पायरी म्हणजे काय ते त्याला कळेल. पालुपदाच्या जागी मात्र थोडे थांबावे, म्हणजे त्याला ते म्हणायला मोकळी जागा राहते. बहुतेक मुलांच्या तोंडी परकी वाटू लागलेली भाषा पहिल्यांदा येते ती अशाच ठरलेल्या ओळींतून.

सुट्टीच्या दिवशी तिकडच्या दुपारी समोरासमोर बोलणे होईल तेव्हा त्याला पुढची गोष्ट विचारा : आता ट्राम कुठे गेली? तो जर्मनमध्ये सांगेल. सांगू द्या, मराठीत सांग असे म्हणू नका, आणि आईवडिलांनीही तसा आग्रह धरू नये. त्याने सांगितलेले मुलाकडून समजून घ्या आणि त्याच आठवड्यातल्या गोष्टीत ते मराठीत घाला, त्याने ट्रामला ज्या रंगाची टोपी घातली असेल त्याच रंगाच्या टोपीसह.